उंबर तोडायला निघण्याआधी: जुन्या घराची ड्रेनेज लाइन मुळांपासून कशी वाचवावी

पुण्यात पानशेतच्या पुरानंतर वसलेल्या भागात आमचं घर आहे. १९६७ सालचं बांधकाम, खाली आम्ही, वर भाडेकरू, मागच्या कोपऱ्यात सासूबाईंचा उंबर. तीन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात वरच्यांनी वॉशिंग मशीनचं पाणी सोडलं की आमच्या न्हाणीघराच्या जाळीतून फेस वर यायला लागला. एक माणूस बांबूच्या पट्ट्या घालून गेला, चार महिन्यांनी दुसरा मशीन घेऊन आला, आणि तिसऱ्या खेपेला चेंबरमधून जे बाहेर ओढलं ते बघून मी दोन पावलं मागे सरले. चार फूट लांब, तपकिरी, केसांच्या शेपटासारखा गुंता. मुळं.

सगळ्यांचा सल्ला एकच, झाड काढा. सासूबाई म्हणाल्या, दत्ताचं झाड आहे, मी असेपर्यंत नाही. त्या हटून बसल्या म्हणूनच मी या प्रकरणाच्या खोलात गेले. शेवटी आमच्या जुन्या प्लंबरकाकांनी एका वाक्यात मुद्दा सांगितला, "ताई, दुखणं झाडाचं नाही, सांध्याचं आहे." धडधाकट, घट्ट पाइपात मूळ सहसा शिरत नाही. आधी सांधा झिरपतो, भोवतीची माती ओली होते, ओल्या मातीत बारीक मुळं वाढतात आणि केसाएवढी फट मिळाली की आत जातात. आत पाणी, खत, हवा सगळं आयतं. मग तीच मुळं जाड होऊन फट रुंद करतात.

हे लक्षात आलं असतं तर आमचे दोन वर्षांचे पैसे वाचले असते. तुमचे वाचावेत म्हणून क्रमाने लिहिते.

१. आधी दुखणं कुठे आहे ते ओळखा

एकच बेसिन किंवा एकच मोरी तुंबत असेल तर बहुधा तिथल्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात, केस, साबण, खरकटं अडकलेलं असतं. मुळांचा विचारही करू नका. पण वर पाणी सोडल्यावर खाली वर येत असेल, संडासात फ्लश केल्यावर शेजारच्या न्हाणीघराच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये गुडगुड होत असेल, साफ केल्यावर तीन-चार महिन्यांनी पुन्हा तेच होत असेल, तर जमिनीखालची लाइन बघायला हवी.

अंगणही बरंच काही सांगतं. उन्हाळ्यात सगळं गवत वाळलेलं आणि एकच पट्टा हिरवागार असेल तर खाली पाणी झिरपतंय. फरशी किंवा पेव्हर ब्लॉक एका रेषेत खचत असतील तर पाइपाभोवतीची माती वाहून जातेय. त्याच रेषेत घुशींची बिळं दिसली तर प्रश्नच मिटला. घूस फुटक्या पाइपाचा वास काढत येते आणि उरलेली मातीही पोखरते.

चेंबरची झाकणं एकेक करून उघडा, पण उघडल्या उघडल्या वाकून बघू नका. आधी दहा-पंधरा मिनिटं हवा जाऊ द्या. वरचा चेंबर भरलेला आणि पुढचा कोरडा असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मधे. एवढी साधी गोष्ट मला तिसऱ्या माणसाने सांगितली. पहिल्या दोघांनी सगळ्याच चेंबरमधून पट्ट्या नाहीतर मशीन घालून बिल लावलं होतं.

२. लाइनचा नकाशा काढा

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि याच्यावरच सगळं अवलंबून आहे.

बांधकामाचा मंजूर नकाशा घरात सापडला तर उत्तम. नसेल तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात जुन्या नकाशाच्या प्रतीसाठी अर्ज करता येतो, नाहीतर माहितीच्या अधिकारात मागता येतो. मात्र कागदावरची लाइन आणि जमिनीतली लाइन एकच असेल असं धरू नका. आमच्या नकाशात तीन चेंबर होते, प्रत्यक्षात पाच निघाले. त्यातले दोन तुळशी वृंदावनासमोरच्या फरशीखाली गाडलेले. कधीतरी अंगण सुंदर करताना कोणीतरी झाकणावरून फरशी फिरवली होती.

कुठलं पाणी कुठे जातं ते बघायला कपड्यांची नीळ वापरा. एका संडासात भरपूर निळीचं पाणी ओता, फ्लश करा आणि चेंबरपाशी थांबा. मग दुसरा संडास, मग मोरी. किती वेळाने निळं पाणी आलं तेही लिहून ठेवा. गाडलेला चेंबर शोधायला दोन चेंबरमधली सरळ रेषा धरून पहारीच्या टोकाने ठोकत जा, पोकळ आवाज कळतो.

मग घराच्या एका कायमच्या कोपऱ्यापासून टेपने मापं घ्या. प्रत्येक चेंबरचं अंतर, झाकणापासून तळापर्यंतची खोली, पाइपाचा व्यास आणि पाइप कशाचा आहे ते. झाडं, पाण्याच्या टाकीची लाइन, विजेची केबल आणि असेल तर पाइप गॅसची लाइनही त्यावर दाखवा.

नकाशा काढताना दोन जुन्या गोष्टी भेटण्याची शक्यता असते. एक, बंद केलेली सेप्टिक टँक. गटाराची जोडणी येण्याआधी बांधलेल्या बऱ्याच घरांत ती असते आणि नुसतीच बाजूला टाकलेली असते. तिच्यात ओल राहिली की मुळांची चैन. दोन, शेवटच्या चेंबरमधला इंटरसेप्टिंग ट्रॅप, म्हणजे गटारातला वायू घराकडे येऊ न देणारं पाणी भरलेलं वळण. वरून तुटून आलेली मुळं नेमकी त्याच्या वळणात अडकतात.

३. पाइप कशाचा आहे ते समजून घ्या

त्या काळातल्या घरांत जमिनीखाली बहुतेक चकाकीचे चिनीमातीचे पाइप असतात, म्हणजे स्टोनवेअर. माल वाईट नाही. साठ वर्षांनी आमचे तुकडे आतून गुळगुळीत होते. अडचण लांबीची. एक तुकडा दोन फुटांचा, म्हणजे चाळीस फुटांच्या लाइनीत वीसच्या आसपास सांधे. प्रत्येक सांध्यात डांबरात भिजवलेली सुतळी आणि वरून सिमेंट. सिमेंटला लवचीकपणा नाही. त्यात बंगल्यांच्या बागेत बाहेरून आणलेली काळी माती असते, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. दरवर्षी पाइप थोडा वर, थोडा खाली. सिमेंटला तडा जायला आणखी काय हवं!

इथे शब्दांचा एक सापळा आहे. दुकानात 'एसडब्ल्यू' म्हणजे स्टोनवेअर आणि 'एसडब्ल्यूआर' म्हणजे भिंतीवरून खाली येणारा पीव्हीसी पाइप. कोटेशनमध्ये नुसतं 'एस डब्ल्यू पाइप' लिहिलेलं दिसलं तर कुठला ते तिथल्या तिथे विचारा.

४. कॅमेरा घालून बघा, आणि रेकॉर्डिंग मागून घ्या

पाइपात कॅमेरा घालून तपासणी करणारे लोक आता मोठ्या शहरांत मिळतात. बोलावण्याआधी चार गोष्टी ठरवा: दर फुटावर आहे की फेरीवर, रेकॉर्डिंग देणार का, पडद्यावर अंतर दिसतं का, आणि आधी लाइन धुऊन देणार की तुम्ही धुवायची. अंतर न दिसणारं रेकॉर्डिंग निरुपयोगी. 'इथे कुठेतरी मुळं आहेत' हे तुम्हालाही माहीत असतं.

बघताना तीन गोष्टी वेगळ्या ओळखा. सांध्यातून लोंबणारी दाढीसारखी बारीक मुळं. एक तुकडा खाली बसून सरकलेला सांधा. आणि जिथे पाणी साचून राहतं असा मधेच झोळ पडलेला भाग. पहिलं एकट्याने असेल तर साफसफाई करून काही वर्षं निभावता येतं. बाकीची दोन असतील तर तेवढी लाइन खणण्याला पर्याय नाही. आमच्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या चेंबरच्या मधे तिन्ही होतं, आणि उंबर तिथून वीस फुटांवर होता. मुळं फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर जातात. त्यामुळे पाइपावर सावली पडत नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं.

५. साफसफाई: काय चालतं, काय नाही

बांबूच्या पट्ट्या मुळांत भोक पाडतात, मुळं काढत नाहीत. पाणी जायला लागतं, माणूस पैसे घेऊन जातो, आणि दाढी केल्यावर खुंट वाढावेत तशी मुळं पुन्हा दाट येतात. स्प्रिंगच्या मशीनला पुढे कापणारं पातं लावून घेतलं तर मुळं सांध्यापाशी कापली जातात. पाण्याच्या जोराचं जेटिंग चांगलं, पण पाइप फुटलेला असेल तर तोच जोर आसपासची माती धुऊन नेतो. म्हणून जुन्या स्टोनवेअरवर कमी दाबाने सुरू करायला सांगा.

मशीन चालू करण्याआधी खालच्या चेंबरच्या तोंडाशी लोखंडी जाळी धरायला लावा. कापलेली मुळं तिथेच काढायची. नाहीतर ती पुढे जाऊन शेवटच्या ट्रॅपमध्ये बसतात.

हे मात्र करू नका:

ॲसिड ओतू नका. ते मुळांपर्यंत पोचता पोचता पातळ होतं आणि सांध्याचं सिमेंट तेवढं खातं. ज्या रोगावर औषध घेतलं तोच वाढला.

मोरचूद ओतण्याचा सल्ला हमखास मिळेल. मोरचुदाने बारीक मुळं जळतात हे खरं. पण लोखंडी भागांना ते गंज आणतं, सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू मारतं, आणि शेवटी नदीत जाऊन माशांना विष ठरतं. फट मात्र तशीच राहते.

आणि कुठल्याही परिस्थितीत माणसाला चेंबरमध्ये किंवा टँकमध्ये उतरवू नका. 'दोन मिनिटांचं काम आहे, बाई' असं तो स्वतःच म्हणेल. आतला वायू दोन मिनिटंही देत नाही. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि वायू वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि उतरवणाऱ्यावर गुन्हा होतो. मशीनने होत नसेल तर वरून खणा.

६. झाडाला हात लावण्याआधी कायदा बघा

महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा आहे. झाड तुमच्या अंगणात, तुम्हीच लावलेलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. या कायद्यात 'तोडणे' याचा अर्थ झाड जाळणं, कापणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणं असा आहे. म्हणजे जाड मुळं तोडून झाड मारलं तर तेही त्यात येऊ शकतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. आमच्या उंबराचं वय मोजल्यावर सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते अजून आठवतं.

अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो. पुण्यात हे काम उद्यान विभाग बघतो. मुळं छाटायची गरज पडेल असं दिसलं म्हणून मी आधीच अर्ज केला. सोबत जोडलेली कागदं अशी:

– मालमत्ता कराची चालू पावती आणि मिळकत पत्रिकेचा उतारा
– झाडाचे चारी बाजूंनी फोटो, खोडाचा घेर टेपसकट दिसेल असा एक
– झाड आणि लाइन दोन्ही दाखवणारा हाताने काढलेला नकाशा
– कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमधली दोन चित्रं
– शेजारच्यांच्या हद्दीजवळ काम असल्याने त्यांचं ना-हरकत पत्र

माणूस पाहणीला येतो तेव्हा घरी थांबा आणि 'झाड नको' ऐवजी 'लाइन दुरुस्त करायची आहे, मुळाला किती अंतरावरून हात लावू' असं विचारा. बोलणं एकदम सोपं होतं.

परवानगी मिळाली तरी खोडाजवळचं जाड मूळ कापू नका. खोडाच्या व्यासाच्या निदान पाचपट अंतर सोडा, जमलं तर जास्तच. झाड उभं राहतं ते याच मुळांवर. एका बाजूची मुळं उन्हाळ्यात कापली आणि जुलैच्या वाऱ्यात झाड छपरावर आलं, तर तुंबलेली मोरी परवडली असं म्हणाल.

७. लाइन बदलणं

तुकड्यातुकड्याने ठिगळं लावू नका. एका चेंबरपासून दुसऱ्या चेंबरपर्यंत अख्खा पाइप बदला. मधेच जुना चिनीमातीचा आणि नवा पीव्हीसी सिमेंटने जोडला की नवा सांधा म्हणजे मुळांना नवं दार.

जमिनीखाली घालायचा पीव्हीसी पाइप वेगळा येतो, बहुतेक विटकरी रंगाचा आणि जाड. सहा मीटरच्या लांबीत मिळतो. आमच्या चाळीस फुटांच्या टप्प्यात वीस सांध्यांच्या जागी एकच सांधा आला. सगळी गंमत इथेच आहे. सांधा सॉल्व्हंट सिमेंटने, म्हणजे पीव्हीसी चिकटवायच्या गोंदाने, चिकटवून घ्या. रबर रिंगचा सांधा चालतो, पण रिंग दुमडली तर फट राहते.

ढाळ मोजून घ्या. चार इंची पाइपाला साधारण चाळिसात एक, सहा इंचीला साठात एक. म्हणजे चाळीस फुटांत चार इंचीला एक फूट, सहा इंचीला आठ इंच. 'जास्त ढाळ दिला की चांगलं वाहतं' हे गवंडी छातीठोकपणे सांगतात. फार ढाळ दिला तर पाणी पुढे पळतं आणि मैला मागे राहतो. लेव्हलच्या पारदर्शक नळीने स्वतः बघा.

पाइपाखाली आणि भोवती वाळू किंवा चाळलेली बारीक माती हवी. चरातून निघालेले विटांचे तुकडे आणि दगड परत त्याच्यावर लोटू देऊ नका. चर कमरेपेक्षा खोल जात असेल तर बाजूंना फळ्यांचा आधार द्यायला लावा, विशेषतः कंपाउंडच्या भिंतीलगत. पिण्याच्या पाण्याची लाइन आडवी येत असेल तर ती ड्रेनेजच्या वरून गेली पाहिजे, खालून नाही.

आता चेंबर. मी ज्याला त्याला हे सांगत सुटते, कारण सगळे पाइप बदलतात आणि चेंबर तसाच ठेवतात. विटांच्या जुन्या चेंबरचं प्लास्टर सुटलेलं असतं आणि मुळं तिथूनही येतात. आतून प्लास्टर करून वर सिमेंटची घोटाई करून घ्या. शिवाय पीव्हीसी गुळगुळीत असल्याने सिमेंट त्याला धरत नाही. पाइप चेंबरच्या भिंतीतून जातो तिथे वर्षभरात गोल फट पडते. त्यावर प्लंबरकाकांची युक्ती अशी: पाइपाचा तेवढा भाग पॉलिश पेपरने घासायचा, सॉल्व्हंट सिमेंट फासायचं, त्यावर कोरडी वाळू भुरभुरवायची आणि ते दिवसभर सुकू द्यायचं. खरखरीत झालेल्या पाइपाला सिमेंट घट्ट बसतं.

माती लोटण्याआधी पाण्याची चाचणी झालीच पाहिजे. खालचं तोंड बंद करायचं, वरच्या चेंबरकडून पाइप भरायचा, पाण्याच्या पातळीवर खूण करायची आणि अर्धा तास थांबायचं. पातळी उतरली तर सांधा पुन्हा. 'उद्या या ताई, करून ठेवतो' असं म्हणाले तर उद्या गेल्यावर चर बुजलेला असतो. शेवटचे पैसे चाचणीनंतरच द्यायचे हे आधीच ठरवा.

हद्दीबाहेरची गोष्ट थोडक्यात. आवारातली लाइन तुमची, रस्त्यातली मुख्य लाइन महापालिकेची. शेवटच्या चेंबरपासून रस्त्यापर्यंतचा तुकडा कोणाचा, ते क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्या. तिथलं काम परवानाधारक प्लंबरकडूनच करावं लागतं, आणि रस्ता खोदायला वेगळी परवानगी लागते.

८. मुळांना अडवणं आणि लागवड

झाड आणि लाइन यांच्या मधे, लाइनीच्या बाजूला, अडीच-तीन फूट खोल अरुंद चर घेऊन त्यात जाड प्लास्टिकचा पत्रा उभा लावता येतो. वरची कड मातीच्या दोन इंच वर राहू द्या, नाहीतर मुळं वरून उडी मारतात. हा अडथळा मुळांना वळवतो, कायमचा थांबवत नाही. पाइप गळका ठेवून नुसता पत्रा लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

पाण्याची सवयही बदला. आमच्या बागेचा नळ नेमका तिसऱ्या चेंबरपाशी ठिबकत होता. वॉशर बदलला. उंबराला उन्हाळ्यात पाणी हवं तर ते दुसऱ्या बाजूने आणि खोलवर द्या.

लाइनीजवळ वड, पिंपळ, उंबर, रबराचं झाड, गुलमोहर, सुबाभूळ आणि बांबू नकोत. बुचाचं झाड फुलांच्या वासासाठी कितीही आवडलं तरी त्याला मुळांतून फुटवे येतात. तगर, जास्वंद, अनंत, पारिजातक यांना लाइनीपासून आठ-दहा फूट लांब जागा द्या.

बी आणून टाकायला पक्षी असतातच. चेंबरच्या कडेला किंवा उभ्या पाइपाच्या कोपऱ्यात पिंपळाचं बोटभर रोप दिसलं की त्याच दिवशी मुळासकट काढा आणि फट सिमेंटने बुजवा. नुसता शेंडा खुडला तर पुढच्या वर्षी बोटाचं मनगट होतं.

९. वर्षातून दोनदा, अर्धा तास

एप्रिलमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा सगळी झाकणं उघडा. वरून दोन बादल्या पाणी सोडा, प्रत्येक चेंबरमध्ये ते न अडखळता जातं का बघा, फोटो काढा. गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेलं असेल तर ते वेगळं करा. पावसाच्या जोराने लाइन भरून वाहते आणि सांध्यांवर बाहेरून-आतून दाब येतो.

जवळ ठेवायची हत्यारं: पहार, झाकण उचलायचे दोन आकडे, टॉर्च, रबरी हातमोजे, टेप, नीळ. झाकणाच्या कडेला ग्रीस लावून ठेवलं तर पुढच्या वेळी हातोडा लागत नाही.

नकाशाची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून विजेच्या मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. नवीन भाडेकरू आले की त्यांना मीटर दाखवताना तोही दाखवा, आणि अंगणात फरशी बसवायला येणाऱ्या माणसाला तर काम सुरू होण्याआधीच.